मेजरसाहेबांच्या माळावरचं पाणी

आधीच सांगून टाकतो, या सदरात येणाऱ्या निम्म्या गोष्टी मला थापा वाटतात. रागावू नका. पांढरी साडी, उलटे पाय, मागून आलेली हाक... अहो, किती दिवस तेच? मी जन्मभर शाळेत सायन्स शिकवलं. आमच्या घरातले देव तर वडलांनी दीक्षा घेतली त्याच वर्षी पाटीत घालून पूर्णेच्या पात्रात सोडले. त्यामुळे भूत-पिशाच्च, अंगात येणं, लिंबू-मिरची यातलं काहीही आमच्या दारात उभं राहिलेलं नाही. आणि तरी मी हे लिहायला बसलोय, याची मला मनातून लाज वाटते. लाज वाटायची दुसरीही कारणं आहेत, ती पुढे येतीलच.

बहात्तरच्या दुष्काळाचा उन्हाळा. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातच मोडायचो. केदारखेडा आणि राजूरच्या मधल्या एका गावात मी हायस्कूलला नवा नवा लागलो होतो. गावाचं नाव देत नाही, माणसं अजून आहेत. त्याच गावाच्या वस्तीत माझी सख्खी आत्या राहायची — कौतिकाआत्या. वस्ती म्हणजे आमच्या बौद्ध समाजाची घरं, गावापासून जरा बाजूला. मी खोली करून गावात राहायचो, पण संध्याकाळचं जेवण आत्याकडे. तिचा मुलगा दादाराव माझ्याहून मोठा. मला 'सर' म्हणायचा आणि त्या 'सर' मध्ये सगळी थट्टा भरलेली असायची.

वस्तीला स्वतःची विहीर नव्हती. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांनी पोहरा टाकायचा नाही, खाली उभं राहायचं, वरच्या कुणाला दया आली की तो आपल्या बादलीतून यांच्या घागरीत ओतणार. याला 'पाणी वाढणं' म्हणायचे, जेवण वाढल्यासारखं. कायदा वगैरे सगळा होता, पण तो पुस्तकात. त्या वर्षी विहिरीचा तळ दिसायला लागल्यावर वरच्यांची दयाही आटली. बायका उन्हात दुपारपर्यंत बसून राहायच्या. वस्तीला त्या उन्हाळ्यात दुसरं काही नको होतं — आपली म्हणून एक विहीर, बस्स.

म्हणून वस्तीनं एक पाणाड्या आणला होता. हातात लिंबाची बेचकी धरून चालणारा, काडी फिरली की 'इथं पाणी' सांगणारा. त्यानं वस्तीमागची जागा दाखवली, आणि नेमका मी तिथे पोचलो. काय सांगू, मी त्या माणसाला सगळ्यांसमोर असा सोलला... मनगटाचे स्नायू कसे काम करतात, काडी आपोआप का वळते, सगळं करून दाखवलं. ती काडी मी माझ्याच हातानं उकिरड्यावर फिरवून दाखवली. लोक हसले. पाणाड्या खाली मान घालून निघून गेला. आत्या तेवढी म्हणाली, "आरं, उन्हातान्हाचं आल्तं बिचारं, पाणी तरी पिऊ द्यायचं." मला तेव्हा ते बोलणं अडाणीपणाचं वाटलं.

आता गोल्फ. हसू नका, खरंच गोल्फ.

गावाबाहेर एक मोठा उघडा माळ होता आणि माळाच्या टोकाला मेजरसाहेबांचा बंगला. निजामाच्या फौजेतून रिटायर झालेले म्हातारे गृहस्थ. बायको गेलेली, मुलं हैदराबादेला. तरुणपणी ट्रेनिंगला विलायतेला गेले होते आणि तिथे समुद्राकाठी त्यांना या खेळाचं वेड लागलं. ते वेड त्यांनी आमच्या माळावर आणून पेरलं. माळ त्यांच्या मालकीचाच. त्यावर त्यांनी ठिकठिकाणी दुधाच्या पावडरचे रिकामे डबे जमिनीत पुरले होते, प्रत्येकाजवळ बांबूला जुन्या सदऱ्याचं फडकं. हिरवळ कुठून आणणार? डब्याभोवती वाळूत मोटारीचं काळं तेल कालवून गोल थापलेला, त्यावर पोतं ओढून सपाट केलेला. गावात या खेळाला नाव होतं, 'बिनविटीचा दांडू'.

साहेबांकडे पितळेचा एक जुना मायक्रोस्कोप होता. आमच्या शाळेत सायन्सच्या नावाखाली एक फुटका फ्लास्क आणि बेडकाचं चित्र. मी मागायला गेलो तर म्हणाले, "ले जाओ मास्टर, पण एक शर्त. इतवारी पाहुणे म्हणून या, आमच्याबरोबर एक राउंड खेळा. इथं खेळायला कोणी राहिलं नाही." मी हो म्हणालो. दुष्काळात, अर्धं गाव रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत असताना, मी हातात लोखंडी काठी घेऊन माळावर उभा. रस्त्याच्या कामावरून दादारावनं मला पाहिलंच.

"सर, आमी खडी फोडून राह्यलो अन् तुमी अंडी फोडून राह्यले का?" तो तिथूनच ओरडला. खडी फोडणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझे कान तापले, पण मायक्रोस्कोपसाठी गप्प बसलो.

मेजरसाहेब मात्र माझ्याशी असे वागले जसा मी कुणी मोठा खेळाडू, परमुलखातून आलोय. "पाहुण्याचा मान पहिला," म्हणाले, "पहिला बॉल तुम्ही मारायचा." मी दोनदा नुसती हवा कापली. तिसऱ्यांदा काठी जमिनीवर आपटली आणि मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. साहेब हसले नाहीत. "बिलकुल बराबर आहे," म्हणाले, "पहिल्या दिवशी मी चिखल खाल्ला होता."

वारा काय विचारता. त्या माळाला झाड नाही, आडोसा नाही. पळसाचं एक खोड होतं तेही वाकलेलं. दुपार कलली की पश्चिमेकडून तापलेला वारा सुटायचा आणि डोळ्यांत माती. मी वैतागून म्हणालो, साहेब, या वाऱ्यात बॉल कुठे जाईल त्याचा काय भरोसा? तर म्हातारा खुलला. "अहो, हाच तर खेळ. तिकडे समुद्राकाठच्या कोर्सला लिंक्स म्हणतात. असाच उघडा माळ, अशीच हवा. हवेशी भांडायचं नाही, मास्टर. बॉल खाली ठेवायचा, हवेच्या पोटाखालून सरपटत न्यायचा." मग जरा थांबून म्हणाले, "आपल्याकडे सगळं तिकडच्यासारखं आहे. फक्त समंदर नाही. तेवढं सांभाळून घ्या."

खोटं कशाला बोलू, तिसऱ्या-चौथ्या डब्यापर्यंत मला मजा यायला लागली होती. बॉल एकदा काठीच्या मधोमध बसला आणि असा सुळकन निघाला की मी उडीच मारली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

पाचव्या डब्याला वाटेत एक खळगा होता, उजव्या हाताला. जुन्या नाल्याचा मेलेला तुकडा, तरवडाची झुडपं आणि भेगाळलेली काळी माती. मी मारलेला बॉल वाऱ्यानं उचलला आणि थेट त्या खळग्यात नेऊन टाकला. साहेबांजवळ बॉल मोजकेच, दरवर्षी पांढरा रंग देऊन वापरलेले. एक हरवणं म्हणजे त्यांना दुःख. मी म्हटलं, थांबा, मी आणतो. आणि खाली उतरलो.

उतरलो आणि वारा बंद झाला. त्यात नवल नाही, खळग्यात आडोसा असतोच. पण बाहेरचा आवाजही बंद झाला — साहेब वरून काही बोलत होते, त्यांचे ओठ हलताना दिसले, शब्द आला नाही. त्याऐवजी दुसराच आवाज. परतूरच्या मोंढ्यात पोत्यातून ज्वारी ओततात ना, तसा सर्रर्र... लांबून यायचा, जवळ येऊन पसरायचा, थांबायचा. मग परत. मी समुद्र तोवर पाहिलेला नव्हता, सिनेमातसुद्धा नीट नाही. मला वाटलं उन्हानं कानात दडे बसले असतील. भीती? नाही वाटली. खरं सांगायचं तर तिथून निघावंसं वाटेना.

बॉल मधोमध पडला होता, उघड्या मातीवर. मी उचलला. ओला होता.

ओला म्हणजे दमट नव्हे. घागरीतून आत्ता काढल्यासारखा, पाणी टपकत होतं. बोटांवरून मनगटावर ओघळ आला. खाली माती कोरडी ठणठणीत, भेगेत माझा हात जाईल एवढी. मी बसून बोटांनी उकरलं, मग काठीनं खणलं. कोपरापर्यंत नुसता फुफाटा. बॉल सदऱ्याला पुसला, कोरडा केला, नीट बघितला. बघता बघता त्याच्यावर परत पाण्याचे थेंब धरले. मी तो पँटच्या खिशात टाकला आणि वर आलो. साहेबांना काही बोललो नाही. काय बोलणार होतो? बॉल सापडला, एवढंच सांगितलं. राहिलेले डबे त्यांच्याच दुसऱ्या बॉलनं कसेबसे खेळलो, ओला बॉल परत द्यायचं सुचलंच नाही.

मायक्रोस्कोप काखेत मारून आत्याकडे पोचलो तोवर रस्त्याचं काम सुटलं होतं. अंगणात बायका-माणसं कामावर मिळालेली सुकडी वाटून घेत बसलेली. दादारावची नजर माझ्या पँटवर गेली. खिशापासून गुडघ्यापर्यंत ओली झालेली, थेंब थेंब गळत होती.

"आई," तो शांतपणे म्हणाला, "सरांना जरा मागच्या बाजूला जाऊ दे. लई जल्दीत दिसतेत."

अंगण हसून लोळलं. मी लग्नाच्या वयाचा मास्तर, समोर बायका-पोरी... तोंड लाल झालं माझं. लाजेनं माणूस काय काय करतो बघा. मी ताडकन खिशात हात घातला, बॉल काढला आणि आत्याच्या हातावर ठेवला. "हे बघा! यानं भिजलीय पँट!"

हसू थांबलं. आत्याच्या ओंजळीत पाणी साचायला लागलं. सगळ्यांनी पाहिलं. तिनं ते पाणी जमिनीवर सोडलं, माती काळी झाली, आणि ओंजळ परत भरायला लागली. मग कुणीतरी विचारलं, "सर, कुठं घावला ह्यो?"

आता इथे मी सरळ म्हणायला हवं होतं, की बाबांनो, मला कळत नाही. पण मला तसं म्हणायची सवयच नव्हती. आणि खरोखर, चालत येताना माझ्या डोक्यानं एक उत्तर तयारही केलं होतं, मला ते पटलंही होतं. मी सांगितलं की खळगा जुन्या नाल्याचा आहे, खाली पाण्याचा झरा असला पाहिजे, उन्हानं वाफ वर येते आणि थंड वस्तूवर धरते. तो बॉल दिवसभर उन्हात तापलेला होता, थंड कुठून असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"म्हंजी तिथं पाणी हाये?" दादारावनं विचारलं. या वेळी थट्टा नव्हती.

"असलं पाहिजे," मी म्हणालो.

बस्स. तेवढ्यावर विहीर ठरली. कुणी नारळ मागितला नाही, काडी फिरवली नाही. एक म्हातारा म्हणाला ते माझ्या कानात बसलंय, "सर कशावर भरोसा ठेवीत न्हाईत. त्यांनीच सांगितलं म्हंजी बराबर असंल." मी विश्वास ठेवत नाही, म्हणून त्यांनी माझ्यावर ठेवला.

मेजरसाहेबांना विचारायला मी आणि दादाराव गेलो. म्हाताऱ्यानं क्षणभर माळाकडे पाहिलं. "पाचवा होल माझा सगळ्यात चांगला होता," म्हणाले. मग हात झटकला. "खोदो, खोदो. पाणी लागलं तर पोरांनो, माझ्या बंगल्याला एक घागर पाठवा. खेळाचं काय, डबा सरकवून घेऊ."

दिवसभर खडी फोडायची आणि पहाटे उठून विहीर खणायची. सबली, फावडी, घमेली. बायकांनी मुरूम वाहिला. मीही सुट्टीत रोज जायचो, दोन घमेली उचलली की दम लागायचा, आणि लोक म्हणायचे, "तुमी ऱ्हाऊ द्या सर, तुमी जागा दाखवली तेच लई झालं." मला ते फार बरं वाटायचं. मुरूम संपला, काळा दगड लागला. मला धाकधूक व्हायला लागली होती, त्यांना नाही. नेमकं तेव्हा पेपर तपासायला मला औरंगाबादला जावं लागलं.

परत आलो तर वस्तीच्या तोंडाशी दादाराव उभा. "सर, लागलं पाणी."

मी सायकल तिथेच टाकली. पळत जाऊन पाहिलं — खाली काळ्या दगडात पाणी हलत होतं, छातीभर तरी असेल. माझे डोळे भरून आले, सांगायला हरकत नाही. खाली उतरायला निघालो तर दादारावनं दंड धरला. "दगड निसटून राह्यले सर. वर चला, आईनं च्या ठिवलाय. नव्या विहिरीचा." आत्याकडे सगळी जमली होती. तिनं मला पितळेच्या कपात चहा दिला. फक्कड. मी म्हणालो, पाणी गोड आहे आपलं. आत्या म्हणाली, "हो बाबा. गोड हाये."

मग मी काय केलं असेल? सगळीकडे सांगत सुटलो. राजूरला बाजारात भेटेल त्याला, शाळा उघडल्यावर मास्तरांच्या खोलीत. गावच्या विहिरीवरल्या मोठ्या शेतकऱ्यांनाही मुद्दाम थांबून सांगितलं, की आता आमच्या लोकांना तुमच्या पाण्याची गरज नाही, सायन्सनं पाणी दिलंय. छाती काढून बोललो. त्यांच्यातला एक म्हणाला, "चांगलं झालं मास्तर. आमचीबी कटकट गेली." पाऊस अजून लांबलेलाच होता. मी जेवायला जायचो, आत्या तांब्या भरून ठेवायची, मी घटाघटा प्यायचो. विहिरीवर जायची वेळ येई तेव्हा काही ना काही निघायचं. कधी गाळ काढताहेत, कधी पायऱ्या बसवताहेत. माझ्या कधीच काही लक्षात आलं नाही.

मेजरसाहेब तेव्हा मुलांकडे हैदराबादला गेले होते. आल्या आल्या काठी टेकत माझ्या खोलीवर हजर. "चलो मास्टर, आमचा पाचवा होल दाखवा." सकाळची वेळ होती. आम्ही गेलो तर विहिरीवर आत्या आणि दोन-तीन बायका धुणं धूत होत्या. काठावर बादली भरलेली. साहेब थकले होते, खाली बसले आणि बादलीत ओंजळ घातली.

"साहेब, थांबा," आत्या घाईनं पुढे झाली. "बादली खराब हाये. मी घरून देते पाणी..."

तोवर त्यांनी तोंडाला लावलं होतं. पाणी तसंच तोंडात धरून बसले. गिळेनात, थुंकेनात. मग हळूच बाजूला सोडलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता, उलट हरवल्यासारखा दिसत होता.

"मास्टर... ये समंदर का पानी है," ते म्हणाले. "तिकडे नाकातोंडात गेलंय माझ्या. ही चव मी विसरणार नाही."

मी ओंजळ भरून प्यायलो. जीभ आक्रसली. खारट, कडू, घशाला ओरबाडणारं. अशी खारी विहीर आमच्या भागात मी ना आधी पाहिली ना नंतर. मी ते बळंच गिळलं, का ते माहीत नाही. मागे वळलो तर बायका खाली बघत उभ्या. धुण्याच्या दगडावर पांढरे डाग सुकलेले दिसले. इतके दिवस मी तो दगड पाहिलाच नव्हता.

"आत्या, मग मी पितोय ते पाणी कुठलं?"

ती दगडावरचं लुगडं उचलून परत धुवायला लागली. बाजूची एक जण म्हणाली, "पूर्णेतलं. वाळूत झिरा उकरून आणतो आमी. पहाटं निघावं लागतं."

"एवढं लांब? गावच्या विहिरीवर का जात नाही?"

त्यावर ती बाई आत्याकडे बघायला लागली. आत्यानं हातातलं लुगडं पिळलं, खाली ठेवलं. "गावच्या हिरीवर आता कोन वाढतंय, बाळा. 'तुमाला तर मास्तरनं हीर दिली' म्हन्तेत. गेल्तो आमी. दोनदा गेल्तो."

"मग मला सांगायचं ना! पाणी खारट निघालं, एवढं सांगायला काय होत होतं?"

"काय सांगायचं?" ती पहिल्यांदाच चिडली. "पाणी लागलं तव्हा सारे नाचले. मंग चाखलं. दादारावनं थुकून दिलं अन् तिथंच बसला. मीच म्हनले, त्याला सांगू नका. आपल्यातलं एक लेकरू शिकलं. गावात मान वर करून फिरून राह्यलं. त्याचं खोटं निघालं म्हनून त्या लोकांनी हसावं का? पाऊस काय आज न उद्या येतोच. तंवर पायांनी आणू पाणी. पायाला काय झालंय आमच्या."

मेजरसाहेब उठले, तोंड फिरवून माळाकडे बघत राहिले. मला तिथे उभं राहवेना आणि निघूनही जाता येईना. इतके दिवस त्यांच्या डोक्यावरून आलेलं पाणी मी तांब्यानं पीत होतो आणि वर म्हणत होतो, गोड आहे.

स्पष्टीकरणं पुढे खूप शोधली, लपवत नाही. भूजलवाल्या एका अधिकाऱ्याला नमुना दिला; त्यानं विचारलं, हा कोकणातून आणला का? जमिनीत क्षार असतात हे मलाही माहीत आहे, शिकवलंय मी. पण एकाच खळग्यात? आणि बॉलचं काय? तो दुसऱ्या दिवशी कोरडा पडला आणि परत कधी ओला झाला नाही, आणि अंगणभर माणसांनी पाहिलं ते काय होतं? बऱ्याच वर्षांनी कुटुंबाला घेऊन रत्नागिरीकडे गेलो. समुद्र दिसायच्या आधी ऐकू आला आणि मी गाडीतच थिजलो. ज्वारी ओतल्याचा तोच आवाज. मुलं विचारत होती, पप्पा काय झालं? पाणाड्यानं दाखवलेली वस्तीमागची जागाही आजतागायत कुणी खोदलेली नाही. तिथे आता घरं झाली आहेत. तिथे काय निघालं असतं, या विचारानं अजून झोप उडते.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. विहिरीवरून मी आत्याच्या घरी गेलो, तिची घागर उचलली आणि सरळ गावच्या विहिरीवर. आत्या मागून म्हणत होती, "नको बाबा, तू नको जाऊ." शाळेची वेळ, अंगात इस्त्रीचा सदरा. मॅट्रिक झाल्यापासून मी कुठल्याच विहिरीवर असा खाली उभा राहिलो नव्हतो. शपथच घेतली होती तशी. वर तोच शेतकरी पाणी शेंदत होता, ज्याला मी छाती काढून सांगितलं होतं. सोबत आणखी दोघं-तिघं.

मी म्हणालो, "आमच्या विहिरीचं पाणी खारट निघालंय. पिता येत नाही. माझं चुकलं. बायकांना परत पाणी वाढत जा."

बाकीचे एकमेकांकडे बघून हसले. तो नाही हसला. त्यानं शेंदता दोर थांबवला. "सायन्सचं गणित व्हतं ना तुमचं?" त्यानं विचारलं. "मंग असं कसं झालं, मास्तर?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तोवरच्या आयुष्यात मी हे कुणासमोर म्हणालो नव्हतो. आजही कुणी विचारलं तर एवढंच सांगता येतं. त्यानं पोहरा काठाशी ओढला, बादलीत रिकामा केला आणि बादली उचलून कठड्याशी आला. मी मान खाली घालून घागर पुढे धरली.